मूल कोणाचे?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही सॅक्रिस्टीतून बाहेर येत होतो. दारात एक आई उभी होती आणि तिच्या मागे बारा वर्षांचा तिचा मुलगा. आई म्हणाली, "फादर, ह्याला जरा तुम्हीच दोन ठेवून द्या. माझं ऐकंना झालाय. रात्री बारा-बारापर्यंत मोबाईल. काढून घेतला तर जेवत नाही." मुलगा फरशीकडे पाहत होता.

आम्ही हसून वेळ मारून नेली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, दोन शब्द बोललो आणि ती दोघे गेली. पण आईचे ते वाक्य काही गेले नाही. आपल्या पोटच्या मुलाला मारण्याचा अधिकार तिने किती सहज आमच्या हाती दिला! आणि तो देताना तिच्या मनात आमच्याबद्दल आदरच होता. मूल जर आईवडिलांचे, तर त्याला मारण्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येते का? आणि दुसऱ्याचाही त्याच्यावर काही हक्क असेल, तर तो नेमका मारण्यापुरताच कसा आठवतो? त्याला खाऊ घाला, त्याच्याबरोबर तासभर बसा, असे सांगायला आमच्या दारात कोणी येत नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा आमच्याकडे मुलांच्या एका वसतिगृहाची जबाबदारी होती. नववीतला एक मुलगा रात्री भिंतीवरून उडी मारून जत्रेला गेला. पहाटे परत आला. आम्ही रात्रभर जागे होतो, घाबरलो होतो, आणि तो सुखरूप दिसताच आमच्या भीतीचा राग झाला. वेताच्या छडीने त्याला मारले. किती मारले ते मोजले नाही.

दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या एसटी स्टँडवर तोच मुलगा भेटला. आता मोठा माणूस, बरोबर बायको आणि चार-पाच वर्षांचा मुलगा. भर गर्दीत वाकून पाया पडला आणि म्हणाला, "फादर, तुम्ही मारलं म्हणून मी माणसात आलो." खरे सांगतो, क्षणभर आम्हाला बरे वाटले. इतक्या वर्षांची टोचणी एका वाक्यात निघाली असे वाटले. मग तो आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यालाही मी सोडत नाही. तुमचीच शिकवण." ते लहान पोर आमच्या हातांकडे पाहत होते.

फळ चांगले निघाले म्हणून कृती चांगली ठरते का, हा प्रश्न सेमिनरीत आम्हाला परीक्षेला आला होता. आम्ही चार पाने लिहिली आणि गुणही चांगले मिळाले. पण त्या उत्तरात एक गोष्ट नव्हती, ती स्टँडवर कळली. मार खाल्लेले मूल मारणाऱ्यावर प्रेम करणे थांबवत नाही. त्याला प्रेम करायचेच असते, म्हणून ते माराला प्रेमाचे नाव देते, आणि मोठे झाल्यावर तेच नाव पुढच्या पिढीला देते. त्याची कृतज्ञता खरी आहे. पण ती आमच्या बाजूची साक्ष म्हणून आम्हाला वापरता येत नाही.

स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन या लेखिकेचे नाव काही घरांतील मुलांना ठाऊक असेल. पिप्पी नावाच्या दांडगट, प्रेमळ मुलीच्या गोष्टी त्यांनी लिहिल्या. १९७८ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे त्यांना शांतता पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या भाषणात त्यांनी एका वृद्ध बाईंकडून ऐकलेली हकिकत सांगितली. त्या बाई तरुण आई होत्या तेव्हाचा काळ असा, की छडी आवरली तर मूल बिघडते हे बायबलमधील वचन सगळे प्रमाण मानत. एकदा त्यांच्या लहान मुलाने काही खोडी केली. आईने त्याला बाहेर जाऊन स्वतःसाठी छडी शोधून आणायला सांगितले. पोर बराच वेळ आले नाही. शेवटी रडत आले आणि म्हणाले, छडी मिळाली नाही, पण हा दगड मिळाला, हा तू मला मार. तेव्हा आईला सारा प्रसंग मुलाच्या डोळ्यांतून दिसला. आईला आपल्याला दुखवायचेच आहे, मग ते दगडानेही जमेल, असे त्याला वाटले होते. दोघेही रडली. आईने तो दगड स्वयंपाकघरातील फळीवर ठेवला आणि कायमचा तेथेच राहू दिला.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, मुलांना मारण्यास घरातही बंदी घालणारा कायदा स्वीडनने केला. जगातील असा तो पहिला देश. मग फिनलंडने १९८३ साली, नॉर्वेने १९८७ साली, डेन्मार्कने १९९७ साली तेच केले. स्वीडनच्या त्या कलमाचे वैशिष्ट्य असे, की त्यात स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नव्हती. पालकांना तुरुंगात घालणे हा हेतू नव्हता. लोकांना कळावे म्हणून सरकारने माहिती कुठे छापली, तर दुधाच्या खोक्यांवर! सकाळी न्याहारीच्या टेबलावर आईबाप आणि मुले एकाच वेळी ती वाचत. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला मारणे व मानसिक त्रास देणे मना केले आहे. घराचा उंबरठा मात्र त्या कलमाने ओलांडलेला नाही.

नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातील ते छडीचे वचन आपल्यालाही तोंडपाठ आहे. मुलाला मारताना इतर वचने कोणाला आठवत नाहीत, हे एक वेळेवर आठवते. पण पवित्र शास्त्रातील काठी ही आधी मेंढपाळाची काठी आहे. तेविसाव्या स्तोत्रात त्याच काठीने गाणाऱ्याला धीर येतो. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूच्या ज्यांनी धनगर पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. धनगर आकडीने बाभळीची फांदी खाली ओढतो आणि मेंढरांना शेंगा खाऊ घालतो. काठीने वाट दाखवतो, कुत्रे हाकलतो. कोकराला काठीने बडवणारा धनगर आम्ही पाहिलेला नाही. कोकरू दमले तर ते त्याच्या खांद्यावर असते.

या बाबतीत ख्रिस्तसभेतही सगळे एका सुरात बोलले आहेत असे नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी एका वडिलांची गोष्ट सांगितली. ते वडील कधी कधी मुलांना चापट मारत, पण त्यांचा अपमान होऊ नये म्हणून तोंडावर कधीच मारत नसत. पोप महाशयांनी त्या वडिलांच्या या जाणिवेचे कौतुक केले आणि जगभर त्यावर वाद झाला. पोप फ्रान्सिस यांच्याबद्दल आम्हाला अपार आदर होता व आहे. तरीही या एका ठिकाणी आम्ही त्या वृद्ध बाईंच्या फळीवरील दगडाच्या बाजूचे आहोत. मूल कुठे मारले याचा हिशेब ठेवत नाही. कोणी मारले ते लक्षात ठेवते.

आमच्या ओळखीतला एक तरुण नोकरीसाठी स्वीडनमध्ये असतो. नाताळला आला होता. त्याने सांगितले की मुलगी झाल्यावर त्याने सहा महिने रजा घेतली आणि बाळाचे सगळे केले. त्याची आजी हे ऐकून गप्पच झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग नोकरी राहिली का रे?" राहिली. तेथे एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा असते. त्यातले ९० दिवस बापासाठी आणि ९० दिवस आईसाठी राखलेले. बापाने आपले नव्वद घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला देता येत नाहीत. योसेफाने बाळ येशूला किती वेळा अंगाखांद्यावर घेतले असेल हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पण इजिप्तपर्यंतची वाट काही मरियेने एकटीने चालली नसावी.

त्या तरुणाने एक शब्दही सांगितला, 'लागोम'. फार नाही, कमी नाही, पुरेसे. आपल्याकडे 'बेताचे' म्हणतात, पण आपण ते गरिबीला म्हणतो. "त्यांचं बेताचंच आहे" हे वाक्य आपल्याकडे कोणाच्या स्थळाबद्दल बोलताना कुजबुजत म्हटले जाते. तिकडे तोच शब्द समाधानाचा. सुखी देशांची जी यादी दर वर्षी निघते, तिच्यात २०१८ पासून फिनलंड वर्षामागून वर्ष पहिला येतो. त्या याद्यांवर आमचा फार विश्वास नाही, सुख असे मोजता येते का हा प्रश्नच आहे. पण "त्यांची देवळे रिकामी पडली आहेत, त्यांचे काय ऐकायचे," असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपली देवळे भरलेली आहेत, आणि त्या भरलेल्या देवळातली एक आई मुलाला मारण्यासाठी फादर शोधते आहे.

आता दुसरी बाजू. राज्य घरात शिरले म्हणजे काय होते, हेही त्याच भागात दिसले. नॉर्वेतील स्टाव्हँगर शहरात २०११ साली एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुले तेथील बालकल्याण यंत्रणेने काढून नेली. मुलांना हाताने भरवणे, जवळ घेऊन झोपणे याही गोष्टी दोष म्हणून धरल्या, असे आईवडिलांनी सांगितले. संस्कृतीतील फरक हे कारण नव्हते, असे तेथील यंत्रणेने म्हटले. २०१२ साली मुले काकांकडे भारतात आली आणि २०१३ साली कोलकाता उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ती आईला मिळाली. २०२३ साली त्यावर चित्रपटही निघाला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आणि पाहताना डोळे पुसले. नॉर्वेतील अशाच दुसऱ्या एका प्रकरणात २०१९ साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने त्या देशाच्या विरुद्ध निकाल दिला. आई आणि मूल यांचे नाते इतक्या सहज तोडता येत नाही, असा त्याचा रोख होता.

संत थॉमस अक्वायनस यांना तेराव्या शतकात हाच प्रश्न वेगळ्या रूपात पडला होता. ख्रिस्ती नसलेल्या आईबापांच्या मुलांना, त्यांच्या मनाविरुद्ध, बाप्तिस्मा द्यावा का? त्यातून मुलाच्या आत्म्याचे तारण होत असेल तर का देऊ नये? संत थॉमस म्हणतात, देऊ नये. ते निसर्गाच्या न्यायाविरुद्ध आहे. मूल आधी आईच्या गर्भात असते. जन्मल्यावर, स्वतःची विचारशक्ती येईपर्यंत, ते आईवडिलांच्या काळजीच्या जणू दुसऱ्या गर्भात असते. ख्रिस्तसभेनेसुद्धा तेथे हात घालू नये. सेमिनरीत हे वाचले तेव्हा आम्ही 'पालकांचा हक्क' एवढेच टिपून घेतले होते. पण गर्भ हा शब्द नीट पाहा. गर्भ मुलाचा मालक नसतो. तो त्याला पोसतो आणि दिवस भरले की बाहेर सोडतो. गर्भात मार नसतो. संत थॉमस पुढे सांगतात की मुलाला स्वतःची समज आली म्हणजे ते स्वतःचे होऊ लागते.

म्हणून "आमचे मूल, आम्ही बघू" हे वाक्य आम्हाला अर्धेच पटते. स्टाव्हँगरच्या आईच्या तोंडी ते न्यायाचे होते. चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकणारा बापही नेमके हेच वाक्य बोलतो, आणि तेथे कोणीतरी उंबरठा ओलांडून आत शिरावे असेच आम्हाला वाटते.

मग आईबाप आणि सरकार यांच्यामध्ये कोणी आहे का? आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट सुरू केली. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हाती मोबाईल आला आणि शाळा उघडल्यावरही सुटेना. गावसभेत ठरले, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतील टीव्ही व मोबाईल बंद राहतील. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून पाहू लागले. सुरुवातीला काही पुरुष हसले. बातमी परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने पालकांना सूचना केल्या: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास. मुलांच्या मोकळेपणासाठी नावाजलेला देश जे कागदावर म्हणू लागला, ते कडेगाव तालुक्यात भोंग्याने आधीच सांगितले होते!

भोंग्यावर अभ्यास करणे आम्हाला मनापासून आवडत नाही, हेही सांगून टाकतो. भोंगा कारखान्याला शोभतो. भोंगा वाजला नाही त्या दिवशी मुलाने काय करायचे? पण त्या ठरावातील एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्या दीड तासात टीव्ही सगळ्या घराचा बंद व्हायचा. सासूची मालिका, बापाच्या क्रिकेटच्या बातम्या, सगळे. शेजारचे घरही बंद, म्हणून आपल्याच मुलावर अन्याय होतो असे त्याला वाटायचे नाही. एकट्या आईला जे जमत नव्हते ते गावाने तिच्या बरोबरीने केले, आणि त्यासाठी कोणाचे मूल काढून न्यावे लागले नाही.

तरीही मनात एक मूल राहून जाते. डेन्मार्कमध्ये थंडीतही बाळाला गुंडाळून बाबागाडीत घराबाहेर, अगदी हॉटेलच्या दारातही निजवतात. मोकळ्या हवेत बाळ चांगले झोपते असा त्यांचा अनुभव. फोटो पाहून आपल्याला नवल वाटते. पण कृष्णाकाठी उसाच्या फडात जा. बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधलेली असते आणि तीत बाळ निजलेले असते. हेही बाळ थंडीत, उघड्यावरच. बीड जिल्ह्यातून आणि अशाच कोरडवाहू भागांतून उचल घेऊन आलेल्या जोडीचे ते बाळ. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत दोघांचा हिशेब एक, आणि बाळाचा हिशेबच नाही. आपल्याकडे २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांत नोकरी करणाऱ्या स्त्रीला. ऊस तोडणारी आई त्यात कुठे बसते? तिच्या दारात कोणतीही यंत्रणा येत नाही, बाळ काढून न्यायलाही नाही आणि दूध द्यायलाही नाही. 'मूल कोणाचे' हा प्रश्न या बाळाबाबत विचारला तर उत्तर असे येते, की फक्त तिचे. आणि तिला सूर्य मावळेपर्यंत मोळ्या बांधायच्या आहेत.

साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. सगळ्या जातींची गरीब मुले एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. भाऊरावांचे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही गेले. ती मुले तिच्या पोटची नव्हती. त्यांच्यावर तिचा काय हक्क होता, याचा विचार आम्ही अलीकडे पुष्कळ केला. ती मुले कोणाची, असे तिने विचारल्याचे कुठे ऐकिवात नाही. त्यांना जेवू घातले, एवढेच ऐकिवात आहे.

आता त्या आईच्या मुलाबद्दल. पुढच्या रविवारी आम्ही त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर थांबवून घेतले. मारले नाही आणि उपदेशही केला नाही. रात्री मोबाईलवर काय पाहतोस, एवढे विचारले. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पप्पा कामावरून येतात अन् त्यांचा मोबाईल बघत बसतात. मम्मी टीव्ही बघते. मग मी काय करू?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्याही खिशात त्या वेळी मोबाईल दोनदा थरथरला होता, आणि त्याने ते ऐकले होते.

त्याला आम्ही एक काम सांगितले आहे. ऊसतोडीचा हंगाम चालू आहे. गावाबाहेरच्या माळावर यंदाही कोपी उभ्या राहिल्या आहेत. येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तेथे जाणार आहोत. जुने कपडे आणू नका, ते गेल्या वर्षीचेच पडून आहेत. गोधड्या चालतील. दूध लागेल, साधारण दहा लिटर. आणि आया चुली पेटवतात तेवढे दोन तास त्या मुलांबरोबर बसणारी माणसे हवी आहेत, त्यांना खेळवणारी, मांडीवर घेणारी. बापे मंडळी आली तर फार चांगले. मोबाईल घरी ठेवावेत, आमचा सॅक्रिस्टीच्या कपाटात राहील. गाडी पाच वाजता चर्चच्या फाटकातून निघेल. पुढच्या सीटवर तो मुलगा बसणार आहे. त्याच्या वडिलांना आम्ही अजून विचारलेले नाही, त्यांनी हे वाचले असेल तर त्यांनी स्वतःच यावे.

तुमचे धर्मगुरू